नामिबियाचा दौरा

आमच्या घरात 'ट्रिप' हा शब्द चालत नाही. आमच्याकडे दौरा असतो. माझे वडील तात्याराव, ज्यांना मी अप्पा म्हणते, एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. खातं पाण्याशी संबंधित होतं, एवढंच सांगते. त्याचं नाव मी असं चारचौघांत घेतलेलं त्यांना आवडणार नाही. साहेबांना धरणावर न्यायचं, कालव्यावर न्यायचं, मुक्कामाला रेस्ट हाउस गाठायचं आणि सकाळी पुढची वाट धरायची. असा सगळा महाराष्ट्र त्यांनी पालथा घातला आणि त्या महाराष्ट्रात आई आणि मी कुठेच नव्हतो. सरकारी गाडीत घरच्या माणसांनी बसायचं नाही, हा नियम सगळ्याच ड्रायव्हरांना होता. तो अक्षरशः पाळणारा एखादा नमुना असतो, तो आमच्या वाट्याला आला होता.

बारावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी मी स्वारगेटला बसची वाट बघत उभी होते. बसचा पत्ता नव्हता आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात समोरच्या सिग्नलला अप्पांची जीप येऊन थांबली. आत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं, सिग्नल सुटला आणि ते निघून गेले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी प्रॅक्टिकल कसं झालं ते विचारलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आई म्हणाली, अगं, गाडी त्यांची आहे का?

दौऱ्यावर निघताना आई त्यांना डबा द्यायची. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कधी तिळाची. रेस्ट हाउसवर खानसामा आधी साहेबांना वाढणार, मग साहेबांच्या पाहुण्यांना, आणि ड्रायव्हरच्या पानात काय आणि कधी पडेल याचा भरवसा नाही. मग अप्पा स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून आपला डबा खायचे आणि खोली मिळाली तर खोलीत, नाहीतर जीपमध्ये झोपायचे. इकडे बिबवेवाडीत आम्ही दोघी जेवायचो. घर फार गप्प वाटू नये म्हणून आई जेवताना रेडिओ लावायची. अजूनही लावते.

मी हिंजवडीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. पुण्यात वाढलेल्या माणसाला यासाठी वेगळं शिक्षण लागत नाही. लग्न केलेलं नाही, त्याची कारणं नातेवाइकांना पाठ आहेत, त्यांनाच विचारावीत. कंपनीच्या बसमध्ये रोज जाता-येता आयुष्यातले जितके तास मी वाकडच्या पुलाखाली घालवले, तेवढ्यात पृथ्वीप्रदक्षिणा झाली असती. २०१९च्या जानेवारीत एकदा असंच बसमध्ये अडकून पडलेलं असताना मनात आलं की आता या दोघांना घेऊन कुठेतरी जायचं. अप्पांनी गाडी चालवायची आणि आम्ही त्यांच्या गाडीत बसायचं.

आईला विचारलं तर ती लगेच म्हणाली, कोकण. अप्पांच्या मी फारच मागे लागले तेव्हा ते म्हणाले, "तिथली सगळी रेस्ट हाउसं माझ्या ओळखीची आहेत. मी गाडीतून उतरलो की खानसामा विचारणार, साहेब कोण? दर ठिकाणी काय सांगत बसू?"

मी म्हणाले, अप्पा, आपण हॉटेलात राहू. ते म्हणाले, वाटेत चहाला कुठे थांबशील, सगळे चहावाले तेच आहेत. ते रागावलेले नव्हते. ते फक्त अडचण सांगत होते.

ज्या मुलखात कुणी 'साहेब कोण' असं विचारणार नाही, असा मुलूख शोधणं आता माझ्याकडे आलं. ऑफिसातली अक्षता नुकतीच नवऱ्याबरोबर नामिबियाला जाऊन आली होती. आफ्रिकेच्या खालच्या टोकाला, समुद्राला लागून असलेला देश. माणसं थोडी, वाळवंट भरपूर, आणि गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. भाड्याने दणकट जीप मिळते, तिच्या टपावर घडीचे तंबू असतात. दिवसभर खडीच्या रस्त्यावरून जायचं आणि संध्याकाळी तंबू उघडून वर चढून झोपायचं. मी तिचे फोटो घरी आणून दाखवले. आई हत्ती बघत होती. अप्पा हत्तीच्या मागचा रस्ता बघत होते.

"रोलर फिरवतात का यावर?" त्यांनी विचारलं. मला काय माहीत? मी अक्षताला मेसेज केला. फिरवतात, असं उत्तर आलं. "आणि स्टेपनी?" दोन देतात, अक्षताने कळवलं. दोन स्टेपनी म्हटल्यावर अप्पांचा चेहरा असा झाला की जणू त्या देशाच्या सरकारने जातीने त्यांची चौकशी केली आहे.

त्यानंतर दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर नामिबियाचा नकाशा पसरलेला असायचा. मी इतकं आनंदी घर त्याआधी कधी पाहिलेलं नाही. बेत असा होता: राजधानी विंडहुकला गाडी ताब्यात घ्यायची, तिथून दक्षिणेला मोठ्या दरीकडे जायचं, तिच्या कडेने मी आणि अप्पांनी चालायचं. मग लाल वाळूच्या टेकड्या. त्यांतल्या एकीवर पहाटे उठून तिघांनी चढायचं. मग समुद्रकिनारा, तिथे मी सील प्राण्यांच्या कळपात होडी वल्हवणार आणि वाळूच्या उतारावरून फळीवर पोटावर झोपून घसरणार. आई ते लांबून बघणार आणि नको नको म्हणणार. शेवटी उत्तरेला जनावरांचं जंगल. अप्पा मुक्काम ठरवायचे. उन्हं उतरायच्या आत पोचायचं, हा त्यांचा एकच आग्रह. आई मध्येच विचारायची की तिथे तूरडाळ मिळते का, आणि आम्ही दोघं तिच्याकडे दुर्लक्ष करायचो.

आईची खरी अडचण शिडी होती. टपावरच्या तंबूत शिडीने चढावं लागतं आणि तिचे गुडघे काही ऐकत नाहीत. म्हणून अप्पांनी तिला सोसायटीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर सराव द्यायला सुरुवात केली. ते खाली शिडी धरून उभे आणि ती साडी खोचून तीन पायऱ्या वर, तीन खाली. आठवड्याभरात सोसायटीचे सेक्रेटरी वैजनाथ यांनी ग्रुपवर लिहिलं: गच्चीवरील शिडी टाकी साफ करण्यासाठी आहे, परदेशगमनाच्या तयारीसाठी नाही, कृपया नोंद घ्यावी. आईने नोंद घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून वैजनाथ जेवायला बसतात त्या वेळी जायला लागली. पावसाळा संपेपर्यंत ती सगळी शिडी चढत होती.

अप्पांनी आरटीओत जाऊन परदेशात गाडी चालवायचा परवाना काढला. राखाडी रंगाची ती छोटी पुस्तिका त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. कुणी घरी आलं की काहीतरी निमित्त काढून कपाट उघडायचे.

ऑक्टोबरचा दौरा. ऑगस्टमध्ये विमानाची तिकिटं झाली आणि मी गाडीच्या कंपनीला अप्पांची कागदपत्रं पाठवली. दोन दिवसांनी उत्तर आलं. अत्यंत नम्र इंग्रजीत लिहिलं होतं की सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या चालकाला आमची विमा कंपनी संरक्षण देत नाही, श्री. तात्याराव यांना एकाहत्तर पूर्ण झाली आहेत, तरी क्षमस्व.

मी ऑफिसात जागेवर बसून हसले. अप्पा एकाहत्तरचे नाहीत. ते एकोणसत्तरचे आहेत, आणि हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

ती गोष्ट अशी. अप्पा वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. त्यांची आई मजुरीला जायची आणि त्यांना थोरली बहीण कौशल्या सांभाळायची. ती शाळेत गेली की यांना घेऊन बसायची. मास्तरांना पटावर मुलं कमी पडत होती. जन्माचा दाखला वगैरे प्रकार आमच्या वस्तीत कुणाकडे नव्हता. मग परीक्षा एकच: उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायचा. कान हाताला लागला तर पोरगं सहा वर्षांचं. अप्पांचे हात लांब. चौथ्या वर्षीच कान हाताला लागला आणि मास्तरांनी १ जून १९४८ लिहून टाकलं. आम्ही ऑफिसात चाचणीसाठी खोटी माणसं तयार करतो तेव्हा सगळ्यांची जन्मतारीख १ जानेवारी टाकतो. मास्तरांनी १ जून टाकली. फरक एवढाच की आमची खोटी माणसं काम झालं की पुसता येतात.

त्या तारखेने अप्पांची नोकरीतली दोन वर्षं आधीच खाल्ली होती. अठ्ठावन्नाला निवृत्त झाले तेव्हा ते छप्पन्नचे होते. निरोप समारंभात कुणीतरी हळहळलं तर म्हणाले, हात लांब होते, काय करणार? सगळे हसले होते.

खरं वय सिद्ध कसं करायचं, ते आता मी सगळ्यांना विचारत सुटले. ऑफिसातला एक जण म्हणाला, अगं, पत्रिका असेल ना घरात, तिच्यावर वेळसुद्धा असते. त्याच्या पणजोबांचीही आहे म्हणे. मी म्हटलं, आमच्याकडे पत्रिका करायला कुणी भटजी येत नव्हता, आणि आता आम्ही कुणाला बोलावत नाही. तो ओशाळला. त्याचा तरी काय दोष? अप्पांच्या वयाचा आमच्याकडे एकच पुरावा आहे: छप्पन्न साली नागपूरला दीक्षेच्या वेळी ते बापाच्या खांद्यावर बसून गेले होते. बापाने वाटभर खांद्यावर घेतलं, खाली उतरवलं नाही, कारण गर्दीत हरवतील. आठ वर्षांच्या पोराला कुणी असं नेत नाही. सहा वर्षांच्याला नेतात. माझ्या दृष्टीने हा पुरावा पुरेसा आहे. शनिवार पेठेतल्या वकिलांच्या दृष्टीने नव्हता. ते म्हणाले, निवृत्तीनंतर जन्मतारीख बदलत नाहीत, तरी दावा लावू म्हणाल तर लावू, पण निकाल येईल तोवर वडिलांचं खरं वयसुद्धा सत्तरीच्या पुढे गेलेलं असेल. आणि चष्मा पुसत त्यांनी पुढच्या पक्षकाराला हाक मारली.

शेवटी मी कंपनीला फोनच केला. हिल्मा नावाची बाई होती. मी तिला हाताची आणि कानाची सगळी गोष्ट इंग्रजीत सांगितली. सांगता सांगता मलाच ती खोटी वाटायला लागली. हिल्मा म्हणाली की तिच्या आजीची जन्मतारीखही अशीच आहे, मिशनवाल्यांनी लिहिलेली. त्यांच्या गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. "माझा तुमच्यावर विश्वास आहे," ती म्हणाली. "पण विमा कंपनीचा विश्वास कागदावर आहे. माझ्या हातात काही नाही." मग तिने सुचवलं की त्याच दौऱ्यासाठी आम्ही ड्रायव्हर असलेली गाडी घेतली तर ती बदलून देईल. मी विचार करून सांगते म्हणाले. तिच्यावर ओरडता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तिच्या त्या समजूतदारपणाने मला अगदी हताश करून टाकलं.

घरी मी ड्रायव्हरचं नाव काढलं नाही. मी म्हणाले, मी चालवते. माझ्याकडे लायसन्स आहे. ते मोटार ट्रेनिंग स्कूलमधून काढलेलं आहे, म्हणजे इन्स्ट्रक्टरने त्याच्या पायाखालच्या ब्रेक-क्लचने गाडी चालवली होती आणि मी स्टिअरिंगला हात लावून बसले होते. अप्पा म्हणाले, बघू. पुढच्या रविवारी मी माझ्या नावावर एक छोटी गाडी दिवसभरासाठी भाड्याने घेतली आणि आम्ही सासवडच्या रस्त्याला लागलो. अप्पा माझ्या शेजारी, आई मागे.

दिवे घाटात दुसऱ्याच वळणावर गाडी बंद पडली आणि मागे घसरायला लागली. मागे ट्रक होता. अप्पांचा उजवा पाय समोरच्या मोकळ्या जमिनीवर इतक्या जोरात दाबला गेला की माझं लक्ष आधी त्याच्याकडेच गेलं. मी हँडब्रेक ओढला. ट्रकवाला खाली उतरून माझ्या कुळाचा उद्धार करून गेला. मी चार वेळा प्रयत्न केला आणि चार वेळा गाडी बंद पडली. मी म्हणाले, अप्पा, तुम्ही घ्या ना, एवढा घाट तरी चढवून द्या.

त्यांनी स्टिअरिंगकडे बघितलं. त्यांना गाडी घ्यायची होती, हे कुणालाही कळलं असतं. "करार तुझ्या नावावर आहे," ते म्हणाले.

मग आम्ही तिथे बसून राहिलो. ट्रक, एसट्या, दुधाचे टेम्पो शेजारून वर जात राहिले. गर्दी ओसरल्यावर त्यांनी तोंडी सांगत सांगत माझ्याकडून गाडी वळवून घेतली आणि मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडत हडपसरला आले. ते मला ओरडले नाहीत. आईला मागे उलटी झाली.

त्या संध्याकाळी मी मनातलं बोलून टाकलं. म्हणाले, गाडी माझ्या नावावर घेऊ. विंडहुकच्या बाहेर पडेपर्यंत मी कशीबशी चालवते. पुढे शंभर-शंभर मैल चिटपाखरू नसतं. तिथे तुम्ही चालवा. कोण बघतंय? आई म्हणाली, खरंच, कोण बघतंय? तिने आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडायच्या बाजूने मत दिलं होतं.

अप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुम्हाला एक सांगतो," ते म्हणाले. "त्या दिवशी मास्तरांसमोर माझा हात कानाला लागत नव्हता."

आई खुर्ची ओढून बसली.

"हात लांब होते, पण तेवढे नाही. बोटांची टोकं केसांपर्यंत यायची. मला कौशल्याबरोबर बसायचं होतं. मास्तर खाली बघत होते तेवढ्यात मी मान वाकडी केली आणि कान धरला. मास्तरांनी वर बघितलं, म्हणाले, लागला." त्यांनी डोकं डावीकडून उजवीकडे कलतं करून दाखवलं. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, पांढरे केस, मान वाकडी करून हात डोक्यावरून कानाला लावून बसलेला. "एकदा लबाडी केली होती. दोन वर्षं नोकरी गेली. आता हा दौरा गेला. तेवढी पुरे."

मी त्यांना म्हणाले की चार वर्षांच्या पोराने केलेल्या गोष्टीला लबाडी म्हणत नाहीत. ते म्हणाले, तू म्हणू नकोस. मला इतका राग आला होता की काय करू सुचेना. त्या मास्तरांवर रागवावं तर ते केव्हाच गेले असणार. विमा कंपनीवर रागवावं तर ती कुठे आहे तेही माहीत नाही. अप्पांवर रागवायला गेले की डोळ्यांसमोर ती वाकडी मान यायची आणि राग गळून पडायचा. त्यांनी कपाटातली राखाडी पुस्तिका काढून कपड्यांच्या खाली ठेवली. पुढच्या रविवारी टेबलावर नकाशा पसरला नाही.

विमानाची तिकिटं परत होणारी नव्हती. आई शिडी चढायला शिकली होती. शेवटी सप्टेंबर संपता संपता मीच हिल्माला लिहिलं की ड्रायव्हर असलेली गाडी पाठवा. तिने सगळं बदलून पाठवलं. तंबू गेले आणि त्यांच्या जागी लॉज आले, म्हणजे छान खोल्या, आईला पलंग. वाळूच्या टेकड्या तशाच, दरी तशीच, माझी होडी तशीच. ड्रायव्हरचं नाव पेट्रुस. विमानतळावर तो नावाची पाटी घेऊन उभा राहील, असं लिहिलं होतं. पाटीवर नाव श्री. तात्याराव.

रविवारी मी हे अप्पांना मराठीत वाचून दाखवलं. लोहगाव विमानतळावर ते स्वतः असे किती साहेबांच्या नावाच्या पाट्या घेऊन उभे राहिले असतील. या वेळी रस्त्यांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तो झोपणार कुठे?"

मी मेलमध्ये खाली खाली गेले. बारीक अक्षरात होतं. चालकाची निवास आणि भोजन व्यवस्था प्रत्येक लॉजवर स्वतंत्र, कर्मचारी विभागात. मी ते वाचलं. वाचताना माझा आवाज बदलला असावा, कारण आईने माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे मागे," अप्पा म्हणाले.

"हो. मागे."

"आपण टेकडीवर चढू तेव्हा तो गाडीतच?"

"असेल."

त्यांनी मला सांगितलं की लिहून विचार, तो आमच्याबरोबर टेबलावर जेवला तर चालेल का. मी त्यांच्यासमोरच मेल केला. सोमवारी हिल्माचं उत्तर आलं. तुमच्या वडिलांची भावना मी समजू शकते, पण लॉजचे नियम आहेत, पाहुण्यांच्या जेवणघरात चालकांना बसता येत नाही, आणि पेट्रुसलाही ते अवघड वाटेल. पाहुण्यांना मात्र कर्मचारी विभागात जायला कुणी अडवणार नाही. पुन्हा एकदा क्षमस्व. रात्रीपर्यंत पैसे भरून होकार कळवावा.

मी बसमधून उतरून घरी आले आणि अप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आता ते येत नाही म्हणतील. ते म्हणाले, "नियम आहे म्हटल्यावर आहे. भर पैसे."

मग ते आईकडे वळले. ती डाळ निवडत होती.

"जया, निघताना दशम्या करशील ना, त्यात माझा डबा वेगळा बांध. दोघांचा. माझा आणि त्याचा. मी मागे त्याच्याबरोबर बसेन."

आईचा हात ताटात थांबला. माझ्या जन्मापासून मी तिला अप्पांना उलट बोलताना ऐकलेलं नाही आणि त्या दिवशीही ती मोठ्याने बोलली नाही. "एवढ्या लांब जाऊन," ती म्हणाली, "जेवायला परत आम्ही दोघीच."

मला दोघांचंही म्हणणं पटत होतं आणि दोघांपैकी एकासाठीही मला काही करता येत नव्हतं. खोट काढणं माझा धंदा आहे. इथे खोट कुठे आहे ते मला दिसत होतं, पण ती दुरुस्त करायची म्हटली तर चार वर्षांच्या एका पोराला शाळेच्या दारातून परत पाठवावं लागलं असतं. मी लॅपटॉप उघडून पैसे भरले. होकार पोचल्याचा मेल लगेच आला, श्री. तात्याराव यांच्या नावाने.

थोड्या वेळाने आई डाळीचं ताट बाजूला ठेवून उठली. अप्पांचा दौऱ्याचा जुना डबा माळ्यावर होता, तो काढायचा म्हणाली. मी काढते म्हटलं तर नको म्हणाली, मला आता चढता येतं. तिने साडी खोचली. अप्पा शिडी धरायला उठले.